कोंबडी टक्के खात नाही

लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, कुठल्याही फार्मवर जा, खाद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘प्रोटीन किती टक्के?’ सतरा म्हटलं की समाधान, सोळा म्हटलं की कपाळाला आठी, आणि अठरा म्हटलं की लगेच चहा सांगितला जातो. पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी पोषणाच्या कामाला लागलो तेव्हापासून सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात स्वतःचं खाद्य स्वतः दळणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांचे फॉर्म्युले बसवून देतो. या कामात जे हाती लागलं ते लिहितो आहे. मुद्दे कुठल्याही क्रमाने वाचा, दुसरा मात्र गाळू नका.

1. कोंबडीला प्रोटीनची गरज नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. तिला गरज असते ती अमिनो आम्लांची. खाल्लेलं प्रोटीन आतड्यात सुटं होतं, त्यातली अमिनो आम्लं रक्तात जातात आणि त्यांतून ती आपलं मांस, पिसं, अंडं उभं करते. वीसेक अमिनो आम्लांपैकी दहा तिला स्वतःच्या अंगात पुरेशी बनवता येत नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात. आर्जिनिन त्यातलंच एक. तुमच्या-आमच्या शरीरात ते बनतं, कारण आपण युरिया तयार करतो आणि त्याच साखळीत आर्जिनिन निघतं. पक्षी युरियाऐवजी यूरिक आम्ल बनवून टाकतो, म्हणून त्याची ती वाट बंद.

काम गवंड्याच्या हिशोबाने चालतं. विटा ढीगभर आल्या, वाळू आली, पण सिमेंट संपलं की भिंत तिथेच थांबते. मका आणि सोया पेंडेच्या खाद्यात सगळ्यात आधी संपतं ते मेथिओनिन, त्याच्या मागोमाग लायसिन, मग थ्रिओनिन, मग व्हॅलिन. उरलेला माल कोंबडी साठवून ठेवत नाही. तो मोडून, त्यातला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो आणि त्यालाही तिची ताकद खर्च होते. म्हणजे जादा प्रोटीनचे पैसे तुम्ही भरता आणि ते बाहेर फेकण्याची हमालीही तिच्याकडून करून घेता. सोळा टक्क्यांचं नीट बसवलेलं खाद्य अठरा टक्क्यांच्या बेहिशोबी खाद्याला मागे टाकतं, हे मी इतक्या शेडांत पाहिलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही.

2. टक्के कागदावर असतात, पोटात ग्रॅम जातात.

‘तात्या, पक्षी किती खातोय?’
‘एकशे दहा ग्रॅम.’
‘वजन केलंत?’
‘वजन कशाला? चार्टात लिहिलंय की.’

हा संवाद मी कुठेही डोळे मिटून म्हणून दाखवीन. चार्ट ज्याने छापला त्याने तुमचा पत्रा, तुमचा मे महिना आणि तुमच्या मक्यातली भेसळ पाहिलेली नसते.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं पोल्ट्रीच्या पोषणावरचं 1994 सालचं पुस्तक अजून आमच्या टेबलावर असतं. त्यात पांढऱ्या लेगहॉर्न लेयरला दिवसाला 100 ग्रॅम खाद्य धरून 690 मिलिग्रॅम लायसिन, 300 मिलिग्रॅम मेथिओनिन आणि मेथिओनिन-सिस्टीन मिळून 580 मिलिग्रॅम असा हिशोब दिला आहे. आजच्या जाती त्याहून जास्त अंडी घालतात, त्यांच्या मार्गदर्शिका जास्त मागतात. पण पद्धत पाहा: गरज दिवसाच्या मिलिग्रॅममध्ये मोजली आहे. टक्का त्यातून काढायचा, आणि तोही पक्षी किती खातो ते कळल्यावर.

आता सोलापूरकडचा उन्हाळा घ्या. फेब्रुवारीत पक्षी 110 ग्रॅम खातो आणि खाद्यात लायसिन 0.70 टक्के, मेथिओनिन 0.34 टक्के आहे. रोज 770 मिलिग्रॅम लायसिन आणि 374 मिलिग्रॅम मेथिओनिन पोटात जातं. मे महिन्यात पारा 42 वर गेला की तोच पक्षी 95 ग्रॅमवर येतो. फॉर्म्युला तोच, गाडी तीच, मिक्सर तोच. पण लायसिन 665 वर आलं आणि मेथिओनिन 323 वर. खाद्य बदललंच नाही असं मालक शपथेवर सांगतो आणि ते खरंच असतं. बदललेली असते ती कोंबडीची भूक. पूर्वीचा पुरवठा टिकवायचा तर लायसिन 0.81 आणि मेथिओनिन 0.39 टक्क्यांवर न्यावं लागतं.

इथे बहुतेकजण आगीतून फुफाट्यात जातात. उन्हाळ्यात ताकद कमी पडते म्हणून सोया वाढवतात. प्रोटीन पचवताना, जादाचं मोडताना अंगात उष्णता तयार होते. आधीच चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ती नको असते. सोया आहे तिथेच ठेवा, जमलं तर थोडी कमी करा, आणि कमी पडणारं लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन बाजारात मिळणाऱ्या तयार अमिनो आम्लांच्या पुडीतून द्या. मक्यातली थोडी ऊर्जा तेलातून द्या, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाका.

तेलाची दुसरी बाजूही सांगून ठेवतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. कोंबडी बऱ्याच अंशी ऊर्जेच्या हिशोबाने खाते. थंडीत तेल स्वस्त मिळालं म्हणून ओतलं की तिचं पोट कमी खाद्यात भरतं, आणि कमी खाद्याबरोबर अमिनो आम्लंही कमी जातात. ऊर्जा हलवली की अमिनो आम्लांचे टक्के त्याच प्रमाणात हलवायचे. एकाला हात लावून दुसऱ्याला तसंच ठेवता येत नाही.

वजन करायला यंत्र लागत नाही. एक रांग ठरवा, सकाळी मोजून टाका, दुसऱ्या दिवशी सकाळी फीडरमध्ये उरलेलं काढून मोजा, जिवंत पक्ष्यांनी भागा. आठवड्यातून एकदा पुरे.

3. कमतरता आधी अंड्याच्या वजनात दिसते, अंड्यांच्या संख्येत नंतर.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरं. पण आड कोरडा पडायला वेळ लागतो. मेथिओनिन थोडंसं कमी पडलं तर पक्षी लगेच अंडी घालायचं थांबत नाही. तो अंडं लहान घालतो. रोज फक्त ट्रे मोजणाऱ्याला प्रॉडक्शन ठीक दिसतं, आणि व्यापारी एक दिवस अचानक भाव पाडून मागतो तेव्हा डोळे उघडतात. म्हणून ट्रेचं वजन करायचं. रिकाम्या ट्रेचं वजा करून तीसने भागायचं. लहान अंड्याला इतरही कारणं असतात. तरुण कोंबडी (पुलेट) कमी वजनात अंड्यावर आली, खाद्यात लिनोलेइक आम्ल कमी पडलं, तरी तेच दिसतं. पण तपासाची सुरुवात मेथिओनिनपासून केलेली बरी.

उलट गोष्टही तितकीच खरी. म्हातारी बॅच मोठमोठी अंडी घालू लागते, कवच पातळ होतं, ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढतात. तिथे मेथिओनिन जरा हात राखून दिलं की अंड्याचं वजन आवरतं. आयुष्यभर एकच फॉर्म्युला चालवणाऱ्याच्या हातात ही दोरी नसते.

पिसांकडेही पाहायला शिका. पीस म्हणजे केराटिन, आणि केराटिनमध्ये सिस्टीन भरपूर. सिस्टीन कमी पडलं की शरीर ते मेथिओनिनमधून भरून काढतं. वाढत्या वयात हे कमी पडलं की पक्ष्याची पाठ उघडी राहते, शेपटीजवळ टोचाटोची सुरू होते. एका ग्रोअर शेडमध्ये मालक मला रक्ताळलेल्या शेपट्या दाखवत होता आणि मी खाली तुसाकडे पाहत होतो. हजारो वाढती पिल्लं, जुनी पिसं गळून नवी येण्याचं वय, आणि तुसावर एक पीस सापडेना. पडलेलं पीस पक्षी उचलून खात होते. प्रकाश, गर्दी, चोच कापणी, गोचिडी-पिसवा यांमुळेही टोचाटोची होते आणि तेही तपासलंच. पण जमिनीवर पीस नसणं हा खाद्याकडे बोट दाखवणारा इशारा आहे.

4. पेंड बदलली की फॉर्म्युला बदलला.

2021 साली सोया पेंडेचे भाव वर्षभरात दुपटीच्याही पुढे गेले. शेवटी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुक बदललेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्या काही महिन्यांत मी पेंडेच्या अदलाबदलीचे जितके प्रकार पाहिले तितके एरवी पाहायला मिळाले नसते. ‘सोया पंचेचाळीस टक्के, शेंगपेंडही पंचेचाळीस टक्के, किलोला किलो बदलली, मग फरक काय?’ असा सरळ हिशोब.

फरक असा. पंचेचाळीसच्या सोया पेंडेत लायसिन 2.8 टक्क्यांच्या आसपास असतं, शेंगपेंडेत दीड टक्का. टनाला 100 किलो सोया काढून तितकीच शेंगपेंड घातली की प्रोटीन जिथल्या तिथे राहतं आणि लायसिन 1.3 किलोने घटतं. ते भरून काढायला बाजारातलं लायसिन पावणेदोन किलोच्या जवळपास घालावं लागतं. मेथिओनिनही शेंगपेंडेत सोयापेक्षा कमीच. शिवाय तिच्यात आर्जिनिन वारेमाप, आणि लायसिन-आर्जिनिनचं आपसांत पटत नाही. एक फार वाढलं की दुसऱ्याची गरज वाढते. अफ्लाटॉक्सिनचा धोका निराळाच. मी शेंगपेंडेच्या विरोधात नाही. जादा लायसिन-मेथिओनिनचे पैसे आणि टॉक्सिनची तपासणी हिशोबात धरून ती स्वस्त पडत असेल तर खुशाल वापरा. बहुतेक वेळा ती तेवढी स्वस्त राहत नाही.

सूर्यफूल पेंडेची गंमत उलटी. प्रोटीनच्या मानाने मेथिओनिन चांगलं, लायसिन जेमतेम एक टक्का, आणि तंतू जास्त म्हणून ऊर्जा कमी. लेयरच्या खाद्यात पाच टक्क्यांपर्यंत ती सुखाने खपते. तिळाच्या पेंडेत मेथिओनिन सोयाच्या जवळजवळ दुप्पट, लायसिनची बोंब. सोयाच्या जोडीला ती अगदी शोभते, पण चांगली आणि सलग मिळत नाही. सरकी पेंडेत गॉसिपॉल असतं. तेल काढताना उष्णतेत ते लायसिनला धरून बसतं, त्यामुळे कागदावरच्या लायसिनपैकी पासष्ट-सत्तर टक्केच पचतं, जिथे चांगल्या सोयाचं नव्वद टक्के पचतं. आणि अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो. लेयरला सरकी मी देत नाही. स्वस्त आहे, माहीत आहे, तरी नाही.

इथेनॉलचे कारखाने वाढल्यापासून तांदळाचा आणि मक्याचा डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, दारोदार फिरतो आहे. तांदळाच्या डीडीजीएसवर पंचेचाळीस टक्के प्रोटीन लिहिलेलं वाचून पुष्कळांना तो सोयाचा भाऊच वाटतो. ओला माल कारखान्यात वाळवताना किती तापवला यावर त्याचं लायसिन अवलंबून. उष्णतेत लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि मग ते कोंबडीच्या उपयोगाचं राहत नाही. माल जितका काळपट आणि करपट वासाचा, तितका त्याच्या लायसिनवर कमी विश्वास. मक्याच्या डीडीजीएसमध्ये ल्युसिन जास्त असतं, ते व्हॅलिन आणि आयसोल्युसिनच्या कामात आडवं येतं. हात राखून घ्या, आणि प्रत्येक गाडी नवी समजून तपासा.

5. सोयाही कच्ची आणि करपलेली असते.

कच्च्या सोयात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ते राहिले तर प्रोटीन पचत नाही, पक्ष्याचं स्वादुपिंड सुजून मोठं होतं, विष्ठा पातळ होते. म्हणून तेल काढल्यावर पेंड भाजतात. जास्त भाजली की पुन्हा लायसिनचंच मरण. यासाठी दोन तपासण्या आहेत. युरिएज ही कच्चेपणाची. पीएचमधला फरक 0.05 ते 0.20 असावा. पण युरिएज शून्य आलं म्हणून खूश होऊ नका, कारण जळून कोळसा झालेल्या पेंडेचंही शून्यच येतं. करपलेपणा कळतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रोटीन किती विरघळतं त्यावरून. 75 ते 85 टक्के चांगलं, 70 च्या खाली गेलं तर पेंड जास्त भाजलेली.

कच्चेपणा फार्मवरही पाहता येतो. युरिया आणि फिनॉल रेड घातलेल्या द्रावणाचं तयार किट मिळतं. बशीत चमचाभर पेंड पसरून त्यावर ते ओतायचं. पिवळसर पेंडेवर इकडेतिकडे थोडे लाल ठिपके उमटले तर ठीक, सगळी बशी लाल झाली तर गाडी परत.

6. प्रयोगशाळेचा प्रोटीनचा आकडा फसवता येतो.

प्रोटीन मोजायची केल्डाल पद्धत 1883 सालची, डेन्मार्कमधली. ती प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतं. 6.25 ने गुणा: 287 टक्के ‘प्रोटीन’! टनभर पेंडेत दहा किलो युरिया मिसळला की प्रोटीनचा आकडा जवळजवळ अडीचने वर जातो. बेचाळीसची पेंड साडेचव्वेचाळीसच्या घरात जाते. नाव मोठं, लक्षण खोटं. कोंबडीला युरियातून एक मिलिग्रॅमही लायसिन मिळत नाही. युरियाची चाचणी स्वस्त आहे, ती प्रोटीनबरोबरच सांगायची. सुक्या मासळीच्या बाबतीत वाळू आणि मीठ याच्या जोडीला तपासायचं. आणि शक्य असेल तिथे अमिनो आम्लांचाच रिपोर्ट मागायचा. आता एनआयआर यंत्रावर तो लवकर मिळतो, आणि लायसिन, मेथिओनिन पुरवणाऱ्या कंपन्या मोठ्या ग्राहकाला तो करूनही देतात.

7. पुडीवर काय लिहिलंय ते वाचा.

मेथिओनिन रासायनिक पद्धतीने बनतं, म्हणून ते डीएल रूपात येतं, अर्धं डी आणि अर्धं एल. पक्ष्याचं शरीर डी रूप पालटून एल करून घेतं, त्यामुळे काही बिघडत नाही. लायसिनचं तसं नाही. डी लायसिन पक्ष्याला निरुपयोगी, म्हणून ते जिवाणूंकडून आंबवून घेतात. 1950 च्या दशकात जपानमध्ये सापडलेल्या कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूच्या जोरावर हा सगळा धंदा उभा आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एल-लायसिन हायड्रोक्लोराइडच्या एका किलोत 780 ग्रॅमच्या आसपास लायसिन असतं. लायसिन सल्फेट स्वस्त मिळतं, पण त्यात 550 ग्रॅमच्या आसपास. भाव किलोचा विचारू नका, लायसिनचा विचारा. आणि हायड्रोक्लोराइडबरोबर क्लोराइडही खाद्यात येतं. लायसिन वाढवत नेलं तर मिठाचा थोडा भाग खाण्याच्या सोड्याने बदलावा लागतो, विशेषतः उन्हाळ्यात.

चांगल्या डीएल मेथिओनिनला गंधकाचा, शिजवलेल्या कोबीसारखा वास येतो. वास नसेल तर पुडी बाजूला ठेवून नमुना तपासायला पाठवा.

8. खाद्य मिक्सरमधून निघालं म्हणजे मिसळलं असं नाही.

टनाला मेथिओनिन एक-दीड किलो. म्हणजे एका कोंबडीच्या रोजच्या खाद्यात चिमटीच्या टोकावर मावेल एवढं. ते आधी दहा-वीस किलो मक्याच्या भरड्यात नीट कालवून घ्यायचं, मग अर्धा माल आत गेल्यावर मिक्सरमध्ये सोडायचं. फार्मवर असतो तो उभा मिक्सर; त्याला दहा ते पंधरा मिनिटं द्यावी लागतात. आडव्या रिबन मिक्सरला तीन ते पाच मिनिटं पुरतात. एका मिलमध्ये कामगार पुडी शेवटी वरून ओतून लगेच खाली पोतं लावायचा, कारण लाइट जायची भीती. मी मिक्सरच्या तळाला हात घालून कोपऱ्यातला माल काढला, तर मेथिओनिनचे पांढरे दाणे वेगळे चमकत होते. पहिल्या चार पोत्यांतल्या पक्ष्यांची चंगळ आणि शेवटच्या पोत्यांतल्यांचा उपास.

यापेक्षा न दिसणारी गोष्ट फीडरमध्ये घडते. दुपारी लेयर शेडमध्ये जाऊन फीडरमध्ये बोटं फिरवा. वरचे मक्याचे टिचके पक्ष्यांनी केव्हाच वेचलेले असतात. तळाशी पिठासारखा थर राहतो. ते पीठ म्हणजेच मेथिओनिन, लायसिन, जीवनसत्त्वं, खनिजं. त्यावर संध्याकाळी नवं खाद्य ओतलं की ते पीठ दिवसेंदिवस तिथेच दबतं, ओलसर होतं, शेवटी खरवडून उकिरड्यावर जातं. दुपारी तास-दीड तास फीडर पूर्ण रिकामा राहू द्या. ‘पक्षी उपाशी ठेवायचे?’ असं कामगार विचारतील. हो, तेवढा वेळ. आणि दळताना जाळी फार मोठ्या भोकांची नको, नाहीतर मक्याचे खडे मोठे राहून वेचावेचीला आमंत्रण.

9. जास्त घातलं की भलं होतं, असं नाही.

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, हा प्रकार पोल्ट्रीत जितका पाहायला मिळतो तितका स्वयंपाकघरातही मिळत नसेल. बिघडलं की टॉनिक, लिव्हर टॉनिक, पाण्यातून अमिनो आम्लांची बाटली. पाण्यातून दोन दिवस दिलेल्या बाटलीत अमिनो आम्लं किती ग्रॅम आहेत ते लेबलवरून काढा, पक्ष्यांनी भागा, आणि दुसऱ्या मुद्द्यातल्या मिलिग्रॅमशी ताडून पाहा. हिशोब स्वतः केलात तर बाटली परत कराल. माझ्या सांगण्याने कुणी करत नाही.

जादा प्रोटीन बाहेर पडतं ते यूरिक आम्ल होऊन. त्यासाठी पक्षी पाणी जास्त पितो, विष्ठा ओली राहते, तिचा अमोनिया होतो, माशा होतात. आमच्याकडे पोल्ट्री आणि गाव यांचं भांडण बहुतेक माशांवरूनच होतं. ग्रामसभेत ठराव, तहसीलदाराकडे अर्ज, मग फवारणी. प्रोटीन एका टक्क्याने उतरवून कमतरता पुडीतून भरली तर विष्ठेतला नायट्रोजन दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पाण्याचे गळके निपल आधी बदला, हे खरंच. पण त्यानंतरही विष्ठा वाळत नसेल तर फॉर्म्युला उघडा.

प्रोटीन उतरवायचं कुठवर, याचंही एक माप आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांसाठी जे प्रमाण 1994 मध्ये मांडलं, त्यात लायसिन 100 धरलं तर मेथिओनिन-सिस्टीन 72, थ्रिओनिन 67, व्हॅलिन 77, आर्जिनिन 105. लायसिन आधाराला घेतलं, कारण शरीर ते जवळजवळ सगळं प्रोटीन बांधायलाच वापरतं. लेयरची प्रमाणं निराळी, पण पद्धत हीच: आधी पचणारं लायसिन ठरवायचं, बाकीची त्याच्या मापाने. फक्त मेथिओनिन आणि लायसिन घालून प्रोटीन चौदावर आणलं तर तिसरं, चौथं अमिनो आम्ल आडवं येणारच. थ्रिओनिन न वापरता कुणी प्रोटीन खाली आणायला सांगत असेल तर ऐकू नका.

10. परसातल्या कोंबडीला हा हिशोब लावू नका, आणि अझोलाचा हिशोब मात्र जरूर लावा.

गावरान कोंबडी किंवा मोकळी सोडलेली गिरिराज दिवसभर उकरून किडे, वाळवी, अळ्या खाते. तिचं लायसिन-मेथिओनिन तिथून येतं. तिला संध्याकाळी मूठभर धान्य पुरतं. बंदिस्त ठेवली की मात्र तिचाही हिशोब लेयरसारखाच.

अझोला ही पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती म्हणजे पंचवीस टक्के प्रोटीन, असं प्रत्येक शिबिरात सांगतात. ते वाळलेल्या अझोलाचं. ताज्या अझोलात त्र्याण्णव ते पंच्याण्णव टक्के पाणी असतं. एक किलो ताजा अझोला म्हणजे साठेक ग्रॅम कोरडा माल, आणि त्यात बारा-पंधरा ग्रॅम प्रोटीन. परसात दहा कोंबड्या असतील तर घाला, त्यांना हिरवं मिळतं. पाच हजार लेयरवाल्याने टाकी बांधायच्या आधी ही बेरीज करावी.

11. फोन करण्याआधी.

‘डॉक्टर, अंडं लहान पडतंय, मेथिओनिन किती वाढवू?’ असे फोन मे महिन्यात रोज येतात. उत्तर देता येतं, पण समोर पाच गोष्टी लागतात: बॅचचं वय, गेल्या आठवड्यात मोजलेलं पक्ष्यामागे खाद्य, ट्रेच्या वजनावरून काढलेलं अंड्याचं वजन, चालू फॉर्म्युला किलोमध्ये, आणि सध्याच्या सोया गाडीचा रिपोर्ट. तुमच्या सल्लागाराला फोन लावाल तेव्हा हे कागदावर लिहून जवळ ठेवा. तो हे काही न विचारता ‘दोनशे ग्रॅम वाढवा’ म्हणाला, तर सल्लागार बदला.